चार डब्यांतलं नाव

“छप्पर आधी, प्रभा! छप्पर आधी!”

येना शहरातल्या फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या शाळेच्या, दुसऱ्या मजल्यावर फ्राऊ लिआंग हे वाक्य दर मंगळवारी निदान तीनदा म्हणत. वर्गात नऊ जण. त्यातले आठ जर्मन. ‘आकाश’ या अर्थाचं चिनी अक्षर ते सांगितलं तसं लिहीत : आधी वरची आडवी रेघ, मग तिच्याखालची, मग दोन पाय. नवव्या प्रभाताई. त्या आधी पाय काढत, मग अंग, आणि सगळ्यात शेवटी पातेल्यावर झाकण ठेवावं तशी वरची रेघ ओढत. हे काही अज्ञान नव्हतं. सांगलीच्या शाळेत वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला त्यांनी हेच शिकवलं होतं. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. शब्द केवढा होणार हे लिहून झाल्याशिवाय कळणार कसं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हातात चिनी कुंचला आला तरी मनगट सांगलीचंच राहिलं होतं.

खरं तर प्रभाताईंना चिनी लिहायचंच नव्हतं. त्यांना एकच शब्द लिहायचा होता, तोही मराठी, आणि तो दगडात कोरला जायचा होता. तो शब्द म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं नाव.

आपण त्यांना शशिकांतराव म्हणू. प्रभाताई कधी म्हणाल्या नाहीत. त्या ‘अहो’ म्हणायच्या, आणि तिसऱ्या माणसाशी बोलताना ‘हे’. लग्नात एक आणि देवश्रीच्या बारशाला एक, असे दोन उखाणे सोडले तर ते नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नाही.

शशिकांतराव मेकॅनिकल इंजिनिअर. भिंगं ज्यात बसवतात त्या धातूच्या कड्यांची ड्रॉइंगं करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि भिंगांचं गाव म्हणजे येना, म्हणून दोन हजार चार साली ते इथं आले. मागोमाग प्रभाताई शाळेची नोकरी सोडून आल्या. गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव जर्मन लोक ‘झाले’ असं उच्चारतात. पहिल्याच दिवशी पुलावर उभं राहून शशिकांतराव म्हणाले होते, “अगं, नदीचं नावच झाले! म्हणजे आता आपलं झालं बघ.” हा विनोद त्यांनी पुढची अठरा वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. पाहुणे हसायचे, प्रभाताई कपाळाला हात लावायच्या. आता तो ऐकवायला कुणी नाही आणि त्यांना पुलावरून जाताना दर वेळी तोच आठवतो.

ते गेले दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत. आजारी असतानाच सांगून ठेवलं होतं, मला परत नेऊ नका, इथंच ठेवा, टेकडीवर, जिथून नदी दिसते तिथं. इथल्या कायद्यानं अस्थींचा कलश घरी ठेवता येत नाही, तो फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीतच ठेवावा लागतो. प्रभाताईंनी दोघांची मिळून जागा घेतली. वर एक लाकडी पट्टी आणि तिच्यावर रोमन अक्षरांत नाव. दोन वर्षं ती पट्टी पावसात काळी पडत गेली, तेव्हा प्रभाताईंनी मनावर घेतलं, की आता दगड बसवायचा. आणि दगडावर नाव मराठीत असेल.

वॉल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या देवश्रीनं ते काम एका संध्याकाळी उरकलं. श्टाइनमेट्झला, म्हणजे दगड कोरणाऱ्या हेर वोल्फ्रामना, नाव टाइप करून पाठवलं. आठवड्यानं त्यांचा नमुना आला. करड्या दगडाच्या चित्रावर, सुबक अक्षरांत, ‘शशकिांत’.

“अगं, त्यांच्या सॉफ्टवेअरला आपला फॉन्ट कळत नाही,” देवश्री फोनवर म्हणाली. “वेलांटी शिफ्ट झालीये. मी पीडीएफ पाठवते, काही टेन्शन नाही.”

पण प्रभाताईंच्या मनात ती वेलांटी रुतून बसली. आयुष्यभर ज्या नावाला त्यांनी जपून जिभेआड ठेवलं, त्याची ही दशा. देवश्रीची पीडीएफ आली, तिच्यातली वेलांटी जागेवर होती, तरी त्यांना ते नाव कुण्या बँक मॅनेजरचं वाटलं. त्यांनी लेकीला सांगून टाकलं, “नाव यांच्याच अक्षरात कोरायचं.”

“बाबांच्या? पण मम्मा, बाबांनी मराठीत स्वतःचं नाव कुठं लिहिलंय?”

कुठंच नव्हतं. प्रभाताईंनी सगळी कपाटं उपसली. सही इंग्रजीत. फॉर्म रोमन अक्षरांत. लग्नाआधीची दोन पत्रं होती, ती सांगलीच्या घरी राहिलेली, एकोणीसच्या पुरात लगदा झाली. आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण दोन्हींच्या खाली फक्त ‘तुझाच’ एवढंच होतं. एका संसारात एकानं ते नाव लिहिलं नाही आणि दुसरीनं उच्चारलं नाही. प्रभाताई पसाऱ्यात बसून रडल्या. मग चहा करायला उठल्या, आणि चहाच्या डब्याकडे हात नेताना त्यांना दिसलं, की मांडणीवर नवरा बसला आहे.

म्हणजे त्याचं अक्षर. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावं शशिकांतराव लिहायचे. कागदाची पट्टी, शाईचं पेन, वरून सेलोटेप. प्रभाताईंनी एकेक डबा खाली उतरवला. शहाजिरे, त्यातला श. शिंगाडा पीठ, त्यातली शि. कांदा-लसूण मसाला, त्यातला कां. आणि तमालपत्र, त्यातला त. चार डबे ओळीनं ओट्यावर ठेवले आणि नुसती पहिली अक्षरं वाचली, तर नवऱ्याचं नाव तयार. त्या एकट्याच होत्या, तरी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं नाही.

अक्षरांच्या झेरॉक्स मोठ्या करून, कापून, चिकटवून त्या हेर वोल्फ्रामकडे गेल्या. ते सज्जन गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. म्हणाले, नखाएवढं अक्षर तळहाताएवढं केलं की कडा फाटतात, हात कुठून निघाला आणि कुठं थांबला ते मला कळत नाही. कुणीतरी मोठ्या आकारात, कुंचल्यानं लिहून द्यायला हवं, तशी फोरलागे, म्हणजे कित्ता, मिळाली तर मी केसभरही सोडणार नाही. “एका चिनी बाईंनी मला एकदा दिली होती,” ते म्हणाले. “त्या शिकवतात. दगड मी थंडी संपल्यावर, एप्रिलमध्ये बसवीन. तोवर आणा.”

हे ऑक्टोबरात झालं. म्हणून मंगळवार, म्हणून फ्राऊ लिआंग.

फ्राऊ लिआंग एकाहत्तर वर्षांच्या, शिआनच्या. त्या शहरात जुन्या कोरीव शिळांचं एक मोठं संग्रहालय आहे, त्याच्या शेजारच्या गल्लीत त्यांचं बालपण गेलं. येनात बत्तीस वर्षं त्यांनी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरल्या आणि घरी येऊन अक्षरं काढली. त्यांचं जर्मन मोडकं, प्रभाताईंचं तोडकं. दोघींचं मिळून एक धड व्हायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी काळी कांडी आणि एक दगडी बशी पुढे ठेवली. थोडं पाणी घालून कांडी उगाळायची, शाई होते. जर्मन विद्यार्थी भांडी घासावीत तसे घासत होते. प्रभाताईंनी पाहिलं, ही तर सहाण. गंध उगाळावं तशी त्यांनी सावकाश, एका लयीत, मनगट न हलवता कांडी फिरवली, आणि फ्राऊ लिआंग त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. “हे कुठं शिकलात?” “देवघरात,” प्रभाताई म्हणाल्या. त्या वर्गात त्यांना मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि नाताळपर्यंतची शेवटचीही.

कारण पुढचं जड गेलं. कोपर टेबलाला टेकवायचं नाही. कुंचला सरळ उभा. रेघ नुसती ओढायची नाही. टोक आधी जरा मागं न्यायचं, मग पुढं, आणि थांबताना पुन्हा मागं वळायचं. फ्राऊ लिआंग सांगायच्या, की अक्षर आधी हाडांवर कोरलं जायचं, बैलाच्या आणि कासवाच्या, मग काशाच्या भांड्यांवर, मग दगडावर; कुंचला आला तेव्हा त्या हाडांवर मांस चढलं. म्हणून अजूनही रेघेला हाड आहे की नाही ते पाहतात. प्रभाताईंच्या रेघांना नुसतं मांस होतं. त्या घरी जुन्या वर्तमानपत्रांवर रोज दोन तास गिरवायच्या, आणि ज्या बाईनं हजारभर पोरांकडून ‘ग म भ न’ गिरवून घेतलं ती आता बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या वाकड्या रेघेवर चिडायची.

एकदा फ्राऊ लिआंगनी विचारलं, नवऱ्याचंच नाव, मग इतकं अवघडता का लिहायला? प्रभाताईंनी उखाण्याची गोष्ट सांगितली. फ्राऊ लिआंग हसल्या. त्यांच्याकडेही पूर्वी बादशहाचं किंवा बापाचं नाव पुरतं लिहीत नसत, म्हणाल्या, एक रेघ गाळायची. “आमच्याकडे सगळंच गाळतात,” प्रभाताई म्हणाल्या.

आणि एका मंगळवारी फ्राऊ लिआंगनी भिक्षूची गोष्ट सांगितली. तेराशे वर्षांपूर्वी एका भिक्षूला शिळेवर मजकूर कोरायचा होता, तोही एका थोर लेखनकाराच्या अक्षरात. पण तो लेखनकार मरून तीनशे वर्षं झालेली. मग भिक्षूनं त्याची जुनी पत्रं मिळवली आणि त्यातून एकेक अक्षर गोळा केलं. जे मिळालं नाही ते दोन अक्षरांचे तुकडे जोडून केलं. वीसेक वर्षं गेली म्हणे. ती शिळा आमच्या गल्लीशेजारी उभी आहे, म्हणाल्या, मी लहानपणी पाहिली आहे.

प्रभाताईंनी कुंचला खाली ठेवला. चार महिने त्यांनी या बाईंना फक्त ‘नवऱ्याचं नाव, मराठीत’ एवढंच सांगितलं होतं. डब्यांचं सांगायची लाज वाटली होती. आता त्यांनी सगळं सांगितलं.

“उद्या माझ्या घरी या,” फ्राऊ लिआंग म्हणाल्या. “डबे घेऊन.”

तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोबेड्याहून सुटणाऱ्या श्ट्रासेनबानमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, एक मराठी बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, आणि पिशवीतून येणाऱ्या कांदा-लसूण मसाल्याच्या वासानं अख्खा डबा वळून वळून पाहत होता.

फ्राऊ लिआंगनी चारही डबे खिडकीशी ठेवले. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी फक्त रेघा पाहिल्या. मग मान हलवली.

“यातलं नाव जुळणार नाही. ही दोन माणसांची अक्षरं आहेत.”

“नाही,” प्रभाताई म्हणाल्या. “एकाच माणसाची.”

“हे दोन डबे एका माणसाचे. हे दोन दुसऱ्या.”

प्रभाताईंना राग आला. छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं अक्षर ओळखता येत नाही, असं ही भाज्या चिरणारी बाई सांगणार? लगेच स्वतःची लाज वाटली. पण रागाच्या भरातच त्यांनी पिशवीतून शशिकांतरावांचं कामावरचं भिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. “नीट बघा.”

फ्राऊ लिआंगनी नीट पाहिलं. मग भिंग प्रभाताईंच्या हातात दिलं आणि बोटानं दाखवू लागल्या. शहाजिरे आणि शिंगाडा पीठ या दोन पट्ट्यांवर वरची आडवी रेघ आधी ओढलेली होती. प्रत्येक उभी रेघ त्या रेघेच्या पोटातून निघत होती, तिची ओली शाई थोडी खाली ओढत. कांदा-लसूण आणि तमालपत्र या पट्ट्यांवर उलटं. अक्षरं आधी, आणि आडवी रेघ नंतर त्यांच्या डोक्यावरून गेलेली, प्रत्येक डोक्यावर जराशी अडखळत. “याचं छप्पर आधी,” फ्राऊ लिआंग म्हणाल्या, “आणि याचं शेवटी. तुमच्यासारखं.”

प्रभाताई भिंगात पाहत राहिल्या. आणि मग त्यांना सगळं कळलं.

शहाजिऱ्याचा आणि शिंगाड्याचा हे स्टीलचे डबे सांगलीहून आलेले, दोन हजार चारचे. तेव्हा शशिकांतराव ड्रॉइंग काढायच्या सवयीनं आधी पट्टीवर लांब रेघ मारायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवायचे, आधी दोरी बांधून मग कपडे वाळत घालावेत तशी. शब्द संपायचा आणि रेघ पुढे उरायची. प्रभाताईंच्या आतल्या शिक्षिकेला ते पाहवायचं नाही. “अहो, रेघ शेवटी! पहिलीतली पोरंसुद्धा असं करत नाहीत. ही बघा, केवढी उरली.” ते म्हणायचे, “असू दे की. पुढं काही सुचलं तर.” हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून प्रभाताईंनी शेवटी नाद सोडला.

काचेच्या दोन बरण्या मात्र नंतरच्या. लॉकडाऊनमध्ये घरी बसून त्यांनी नवीन पट्ट्या लिहिल्या होत्या, दोन हजार एकवीस साली, जायच्या आदल्या वर्षी. त्या पट्ट्यांवर रेघ शब्दाएवढीच होती. जिथं अक्षर संपलं तिथं संपलेली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची जिवंतपणीच गेली होती, आणि शेजारी उभं राहून कांदा चिरणाऱ्या बायकोला त्याचा पत्ता नव्हता. सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? “उशिरा का होईना, पास झालात,” असंच काहीतरी. एवढं एक वाक्य बोलायचं राहून गेलं. तीन वर्षं त्या बरणीतून तमालपत्र काढताना त्यांनी ती पट्टी रोज पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. प्रभाताईंनी भिंग खाली ठेवलं आणि त्या परक्या बाईच्या खिडकीशी बसून मोठ्यानं रडल्या. नवरा गेल्यावर इतकं रडल्या नव्हत्या. तेव्हा माणूस गेलं होतं. आता त्यांना तो समोर हवा होता, फक्त दोन मिनिटं, हातात पेन घेऊन.

फ्राऊ लिआंगनी चहा ठेवला. कप पुढे करत म्हणाल्या, “भिक्षूनं अक्षरं गोळा केली, कारण त्यानं तो हात कधी पाहिला नव्हता. तुम्ही पाहिलाय. तुम्ही गोळा करू नका.”

मग त्यांनी सांगितलं कसं करायचं. आधी पट्टी तोंडासमोर ठेवून लिहायचं, आकार बघत नाही, तर हात कुठं घाईत होता आणि कुठं रेंगाळला ते बघत. हजारदा. मग पट्टी पाठीमागं ठेवायची आणि न पाहता लिहायचं.

फेब्रुवारी आणि अर्धा मार्च प्रभाताईंनी तेच केलं. ज्या बाईनं आयुष्यात दोनदा नवऱ्याचं नाव घेतलं, तिनं ते दिवसातून शंभरदा लिहिलं. हळूहळू हाताला कळत गेलं : श च्या गाठीशी ते घाई करायचे. वेलांटी मात्र निवांत, जेवण झाल्यावर हात धुऊन यावं तशी. अनुस्वार टेकवायचे आणि क्षणभर पेन तिथंच ठेवायचे. म्हणून प्रत्येक टिंबाला शाईचं फुगीर पोट. देवश्री फोनवर विचारायची, “झालं का गं फायनल?” प्रभाताई म्हणायच्या, “अजून हे आले नाहीत.” देवश्री घाबरून विषय बदलायची.

मार्चच्या एका रविवारी सकाळी त्यांनी कांडी उगाळली, चारही डबे मांडणीवर परत ठेवले, मांडणीकडे पाठ केली आणि मोठा कागद पसरला. कुंचला उचलला, आणि हात अक्षरावर जायला निघाला. रेघ शेवटी. वीस वर्षांची शाळा. त्यांनी हात थांबवला. तो माणूस आपल्यासाठी बदलला आणि सांगायला थांबला नाही. आता आपण काय करायचं? कागदाच्या डाव्या टोकाला त्यांनी कुंचला टेकवला, जरा मागं नेला, आणि आधी रेघ ओढली. लांब, एका दमात, शब्द केवढा होणार याचा हिशेब न करता. मग तिच्याखाली श, शि, कां, त. शेवटी टिंब ठेवून हात क्षणभर तिथंच राहू दिला. “शशिकांत,” त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात, उखाण्याशिवाय, मोठ्यानं. मग दुसरा कागद घेतलाच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला देवश्री आली आणि दोघी हेर वोल्फ्रामच्या कारखान्यात गेल्या. दगड इथल्याच टेकड्यांतला, करडा, आत बारीक शिंपले असलेला. हेर वोल्फ्रामनी कागदावरून नाव दगडावर उतरवून घेतलं होतं, खाली रोमन अक्षरांत पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. कोरायच्या आधी मालकिणीला दाखवायची पद्धत.

देवश्रीनं पाहिलं मात्र, तिचा हात तोंडावर गेला. “मम्मा, हे... हे बाबांचं अक्षर आहे.”

हेर वोल्फ्राम मात्र उजवीकडे बोट दाखवत होते. नाव संपल्यावरही वरची रेघ पुढे गेली होती, चांगली वीतभर, खाली काही नसताना. “इथं ती चुकून लांबली आहे ना?” त्यांनी विचारलं. “मी तिथं तोडतो.”

“मम्मा, खरंच. ही उरलीये,” देवश्री म्हणाली. “सांगू का त्यांना?”

प्रभाताई पुढे झाल्या. उरलेल्या रेघेखाली दगडावर त्यांनी बोटानं जागा मोजली. एक प्र, एक भा.

“तोडू नका म्हणावं,” त्या म्हणाल्या. “दोनच अक्षरं आहेत. मावतील.”